माहेरची वाटी, सासरची वाटी

उत्तराच्या मंगळसूत्राची तार झिजली होती. ते नव्याने गाठवायला ती सासूबाई शुभदाबाईंबरोबर कल्याणला सराफाकडे आली होती. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात. एक माहेरची, एक सासरची. लग्नात ज्या त्या घराने आपली वाटी घडवून आणायची. उत्तराच्या सासरच्या वाटीवर आतून ९१६ असा ठसठशीत ठसा होता. माहेरची वाटी मात्र कोरी.

त्या कोऱ्या वाटीवरून शुभदाबाईंनी तिला लग्नापासून टोचून टोचून खाल्लं होतं. "हिच्या माहेरच्या दिवा गावातलं सोनं! पिवळं आहे एवढं खरं," असं त्या चारचौघांत हसून म्हणत. एकदा ते उत्तराच्या वडिलांनी, महिपतरावांनी, ऐकलं आणि लेकीच्या घरी यायचं सोडलं. आता नातीच्या वाढदिवसालाही "बघतो गं" म्हणाले होते. ते येणार नाहीत, हे उत्तरा समजून होती.

"आधी दोन्ही वाट्या मशीनवर तपास," शुभदाबाई सराफाला म्हणाल्या. "खोटं सोनं खऱ्याशेजारी नको."

सिद्धेश सराफाने वाट्या एकेक करून मशीनमध्ये ठेवल्या. कोऱ्या वाटीबद्दल तो म्हणाला, "बावीस कॅरेट. चोख." ठशाची वाटी मात्र त्याने दोनदा तपासली. "काकू, ही चौदाच्या आसपास भरतेय."

"अरे, ९१६ दिसत नाही का तुला?"

"दिसतंय ना. ९१६ म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं. पण नुसता आकडा कोणीही ठोकतो. हॉलमार्क म्हटला की शेजारी त्रिकोणी खूण लागते. ती इथे नाही. कोणी घडवली?"

"ह्यांच्या मित्राने. आमचं सगळंच त्याच्याकडचं."

"मग हातातल्या पाटल्याही बघू का?"

शुभदाबाईंनी झटकन हातांवर पदर ओढला. हाच दिवस उजाडावा म्हणून उत्तराने किती वाट पाहिली होती! आता बोलायला तोंड उघडलं, तर शब्द कडू लागले.

"नको," ती सिद्धेशला म्हणाली. "राहू द्या."

दुकानाच्या पायरीवर शुभदाबाईंनी तिचा दंड धरला. "घरी बोलू नकोस गं. हे गेले, आता त्यांच्या मित्राचं नाव कशाला निघायला हवं?"

"नाही बोलणार. पण बाबांना वाढदिवसाला बोलवायचा फोन तुम्ही करायचा, आई. आत्ता."

"माझ्याकडे नंबर नाही त्यांचा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि व्याह्यांचा नंबर नाही! उत्तराने एकेक आकडा सांगितला. शुभदाबाईंनी तो दाबला. पलीकडून "कोण?" असं आलं.

"मी शुभदा बोलतेय, उत्तराची सासू," त्या म्हणाल्या आणि उत्तराकडे बघू लागल्या. पलीकडे महिपतराव घाबरून विचारत होते, "काय झालं? उत्तरा बरी आहे ना?"