चांगुणाबाईचे हात

धम्मदीपने कॅनव्हासवरचे आईचे हात सहाव्यांदा सुरीने खरवडले आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकले. बाकी सगळं जमलं होतं. खिडकीतून येणारा मऊ उजेड, मागची निळी भिंत, खुर्चीत बसलेली चांगुणाबाई. मांडीवर मात्र नुसता तपकिरी डाग.

"हात हलवू नको की, आई."

"मी कुटं हलवायलेय?"

हलवत तर होती! चाळीस वर्षं बिड्या वळल्या, दोन वर्षांपूर्वी सोडल्या. पण बोटांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. पदराचं टोक धरून ती वळतच होती. आणि धम्मदीपला नेमके निवांत हात हवे होते. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाने आपली आई रिकाम्या हातांनी बसलेली जन्मात पाहिली नव्हती. निदान तैलचित्रात तरी तिला विसावा द्यायचा, असा हट्टच धरला होता त्याने.

पण उजेडाला मुदत होती. खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत शेजाऱ्याचं घर उठत होतं. ज्ञानबा गवंडी रोज चार थर चढवायचा आणि खोलीतला उजेड रोज तेवढा उणा व्हायचा. आज भिंत खिडकीच्या वरच्या चौकटीला आली होती. 'जरा थांबा' असं धम्मदीपच्या दहादा ओठांवर आलं. पण चित्रासाठी कुणाचं काम कसं अडवायचं? लोक वेड्यातच काढतील. मग राग निघायचा आईवर.

"तुला घटकाभर स्वस्थ बसवत नाही का गं?" आज तो ओरडलाच.

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "ह्ये बघ, आता न्हाई हलत. तसंबी त्यात बघण्यासारखं काय हाय?"

धम्मदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पाठ फिरवून उगाच रंग कालवत राहिला. मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी माफी मागायला वळला, तर आईची मान कलली होती. झोप लागली होती तिला. पदर सरकला होता आणि हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं सैल.

त्याने झटकन कुंचला उचलला. तेवढ्यात बाहेर ज्ञानबाची थापी विटेवर वाजली आणि चांगुणाबाईची पापणी हलली.

कुंचला तसाच टाकून धम्मदीप अनवाणी बाहेर धावला. दोन्ही हात वर करून त्याने ज्ञानबाला थांबवलं.

"काय मास्तर, चित्र ऱ्हायलंय व्हय?"

"चित्र मरू द्या हो," धम्मदीप हळूच म्हणाला. "आई निजलीय."