शिंगाचं माप आणि बदली दारू

मी हरणाच्या शिंगाचं टोक बोलतोय. लांबी तुमच्या करंगळीएवढी, आतून पोकळ, शेपटाला भोक आणि भोकात चामड्याची वादी. एवढंसं टोक, ते काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण टेनेसीच्या डोंगरातली एक ठासणीची बंदूक एकोणचाळीस वर्षं माझ्या हातून जेवली आहे. तिच्या तोंडात मी घातल्याशिवाय घास गेलेला नाही. तेव्हा तिच्याविषयी बोलायचा पहिला हक्क माझा.

मी माप आहे. बंदुकीच्या दारूचं.

ज्या हरणाच्या डोक्यावर मी वाढलो, ते रूएल हॅटमेकर नावाच्या सुताराने मारलं. माझा त्याच्यावर राग नाही. एका गोळीत काम झालं आणि त्या जनावराचं काही वाया गेलं नाही. मांस हिवाळाभर पुरलं, कातड्याचे हातमोजे झाले, आणि मी झालो माप. तसा मी नशीबवानच.

बंदुकीचं नाव तॅबिथा. रूएलच्या वडिलांची. तिला नेमकी किती दारू लागते हे ठरवायला रूएलने तिच्या तोंडापुढे अंगणात बायकोची पांढरी चादर अंथरली आणि बार काढायला सुरुवात केली. दारू जास्त झाली की न जळलेले काळे दाणे चादरीवर पडायचे. तो प्रत्येक बाराला थोडी कमी करत गेला. बायको दारात उभी राहून म्हणत होती, की चादर आता तूच धुणार आणि ठिगळंही तूच लावणार. शेवटी चादरीवर एक दाणा पडला नाही आणि गोळीही जागेवर बसली, ती सत्तर ग्रेनला. ग्रेन हे दारू मोजायचं त्यांचं परिमाण. मग त्याने मला आतून कोरलं. थोडं कोरायचा, दारू ओतून बघायचा, पुन्हा कोरायचा. सत्तर ग्रेन काठोकाठ बसले तेव्हा चाकू खाली ठेवला. चादर मात्र बायकोनेच धुतली, सांगून ठेवतो.

दारूदानीतून थेट नळीत दारू ओतायची नाही, हा तिथला न मोडायचा नियम. नळीत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर सगळी दारूदानी हातात फुटते. म्हणून मध्ये माप लागतं. पेटलंच तर माझ्यापुरतं पेटेल, माणूस वाचेल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच.

ती खरी काळी दारू काय दारू होती! ठिणगी दिसली की पेटायची. धूर एवढा की नेम लागला की चुकला हे कळायला थांबावं लागे. आणि वास म्हणजे नासक्या अंड्यांचा. नेमबाजीच्या सामन्यावरून आल्यावर रूएल स्वयंपाकघरात कढत साबणपाण्याने नळी धुवायचा आणि घरातले सगळे नाक धरून बाहेर पळायचे. मला मात्र तो वास घरचा वाटायचा.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. काळी दारू साठवायचे नियम कडक झाले म्हणून गावातल्या हार्डवेअरवाल्याने ती ठेवणंच बंद केलं. आणि मार्चमध्ये रूएलला झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू लुळी पडली. बायको आधीच गेली होती. मुलगी डेल्फिया, शाळेची बस चालवणारी, नवऱ्याला घेऊन बापाकडे राहायला आली.

दारूदानीत काळ्या दारूचा एकच भरणा उरला होता. तो रूएलने बाजूला ठेवला. त्याला मातीत ठेवतील तेव्हा तॅबिथाने एक बार काढायचा, एवढीच त्याची इच्छा. आणि त्यानंतर तॅबिथा नॉक्सव्हिलच्या एका जुन्या वस्तू जमवणाऱ्या गृहस्थाला द्यायची, असंही त्याने ठरवलं. पुढे तर तेवढंही थांबायला तयार होईना. गृहस्थाला ऑक्टोबरातल्या एका सोमवारी बोलावूनच घेतलं. मी गेल्यावरचा बार काढायला त्यालाच बंदूक घेऊन बोलवा, म्हणाला.

डेल्फियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तॅबिथाचा पहिला बार काढला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, खांद्यावर निळा डाग घेऊन आठवडाभर मिरवली होती.

"बाजारात बदली दारू मिळते, डॅडी. सगळे तीच वापरतात," ती म्हणाली.

"तॅबिथा नकली खात नाही. आणि उपाशी बंदूक भिंतीवर टांगलेली मला बघवत नाही," रूएल अर्ध्या तोंडाने म्हणाला.

तिकडे दर ऑक्टोबरात गोऱ्ह्याचा सामना असतो. ठासणीच्या बंदुका, साठ पावलांवर प्रत्येकाची आपली जाळून काळी केलेली फळी, प्रत्येकी तीन बार. गोळ्या खुणेपासून किती लांब पडल्या ते दोरीने मोजतात. ज्याची दोरी सगळ्यांत आखूड तो पहिला. पहिल्या चार जणांना गोऱ्ह्याचा एकेक चौथा हिस्सा. पाचव्याला कातडं आणि चरबी. सहाव्याला फळ्यांमागच्या ओंडक्यात रुतलेलं शिसं, तेही त्याने स्वतः उकरून काढायचं. डेल्फियाने बापाशी करार केला. बदली दारूवर तिने एक हिस्सा जिंकला तर तॅबिथा घरात राहील. नाही तर सोमवारी गृहस्थ येईल आणि ती काही बोलणार नाही. रूएलने मान डोलावली आणि वर सांगितलं की मी मदत करणार नाही, विचारूही नकोस.

डेल्फिया तीन डबे घेऊन आली. पहिल्यात दारूच्या दाबून केलेल्या वड्या. त्या माझ्या तोंडातच जाईनात! मोजायचं कामच नको म्हणे, दोन टाका आणि ठासा. असल्या वस्तूविषयी मी काय बोलू? शिवाय त्या नव्या बंदुकांच्या जबर ठिणगीसाठी केलेल्या. तॅबिथाच्या घोड्याखाली बसते त्या तांब्याच्या टोपीच्या इवल्या ठिणगीने त्या वेळेवर पेटेनात. दुसऱ्या डब्यात फिकी दारू. दिसायला गोजिरी, धूर कमी, वास नाही, नळी साध्या पाण्याने स्वच्छ. पण एका दमट सकाळी डबा उघडा राहिला आणि ती ओल्या साखरेसारखी गोळा झाली. तिसरी करडी, जाडसर. पेटायला काळीपेक्षा किंचित आळशी, नळी काळीइतकीच धुवावी लागते, पण दर वेळी सारखी. खरं सांगतो, मला ती आवडली. नकली म्हणून नाक मुरडायचं मी ठरवून आलो होतो, ते जमलं नाही.

आता डेल्फियाचा नवरा. कोय त्याचं नाव. मनाने सोन्यासारखा, पण त्याचा सगळा जन्म काडतुसं भरण्यात गेलेला, आणि काडतुसात दारू काट्यावर तोलतात. त्याने बॅटरीचा छोटा काटा टेबलावर मांडला आणि करडी दारू वजनाने सत्तर ग्रेन तोलून माझ्यात ओतली. ती माझ्या काठावरून टेबलभर सांडली.

"बघ, हे माप लहान आहे. म्हाताऱ्याने अंदाजाने कोरलंय," कोय म्हणाला.

अंदाजाने! चादर विचारा त्या दिवशीची! अहो, बदली दारू वजनाला हलकी असते. ती तोलायची नसते, काळ्या दारूच्या मापाने भरायची असते. काळी जेवढी जागा घेते तेवढीच जागा हिची. बदली वापरणारं शेंबडं पोरही हे जाणतं. या घरात मात्र आजवर काळीच आलेली. त्यात काट्याची सवय लागलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि डेल्फियाला बापाला विचारायची बंदी.

ती तोललेली दारू त्यांनी कागदातून नळीत ओतली. तॅबिथाने असा धक्का दिला की डेल्फिया दोन पावलं मागे गेली. एक गोळी फळीच्या डावीकडे, एक वर, एक कुठे गेली देव जाणे. तिने पाच दिवस तसंच मारलं. खांदा काळानिळा झाला, नेम रोज बिघडत गेला. रूएल ओसरीवर खुर्चीत बसून ऐकायचा आणि चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरायचा.

सहाव्या दिवशी कोयने मला गोठ्यात नेऊन लोखंडी पकडीत आवळलं आणि ड्रिल हातात घेतलं. माप मोठं करून टाकू, म्हणजे रोज तोलायला नको, म्हणाला. माझी तर पाचावर धारण बसली. ड्रिल फिरायला लागलं, टोक माझ्या तळाला टेकलं, आणि दारातून काठी आपटल्याचा आवाज आला. ओसरीवरून गोठ्यापर्यंत चाळीस पावलं. झटका आल्यापासून रूएल एवढं चाललाच नव्हता.

"अरे, ठेव ते खाली," तो धापा टाकत म्हणाला. "पाच दिवस ऐकतोय. तिला कोंबून खायला घालताय तुम्ही."

"काटा तर बरोबर आहे," कोय म्हणाला.

"काटा बरोबर आहे रे, तू चुकीचा आहेस. त्या काट्याला सांग कोंबड्यांची अंडी तोल. हिला मापाने भर. काठोकाठ, बोटाने सपाट. आणि आधी एक टोपी नुसतीच उडव, म्हणजे ठिणगीची वाट मोकळी होईल."

मग तो डेल्फियाकडे न बघता म्हणाला की ही मदत नव्हे, त्याला शिंगाची काळजी होती. एवढं बोलून ओसरीकडे वळला. मी तेव्हापासून रूएलच्या हट्टाला शिव्या देणं बंद केलंय, आणि कोयलाही माफ केलंय. त्याने दुसऱ्याच दिवशी काटा खरंच कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी नेऊन ठेवला.

त्या दुपारी डेल्फियाच्या तीन गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या.

सामन्याच्या सकाळी धुकं होतं. रूएल ट्रकमध्येच बसला, मांडीवर पांघरूण घेऊन. पहिला बार खुणेला लागून. दुसरा त्याच्याशेजारी. लोक कुजबुजायला लागले, की हॅटमेकरची पोरगी मागची तंगडी नेणार. तिसऱ्याच्या आधी मात्र डेल्फियाने दोनदा ट्रककडे वळून बघितलं. कोयने हळूच तिच्या गळ्यातल्या दारूदानीकडे बोट केलं. आतली काळी लगेच पेटते, हात हलायच्या आत गोळी बाहेर. कोणाला कळणार होतं?

डेल्फियाने दारूदानी पाठीवर ढकलली आणि मला करडीने भरलं. काठोकाठ, बोटाने सपाट.

गोळी अंगठाभर उजवीकडे गेली. दोरीने मोजलं तेव्हा चौथा नंबर नखभराने हुकला. ती पाचवी आली.

घरी आल्या आल्या डेल्फियाने कढत पाणी ठेवलं आणि नळी धुवायला घेतली. करार तिने पाळायचा ठरवला होता, म्हणून नॉक्सव्हिलला पाठवायची बंदूक ती आरशासारखी करत होती. मी टेबलावर पडून ते बघत होतो आणि मला फार वाईट वाटत होतं.

रूएलने दारूदानी मागितली. डाव्या हाताने कानाशी नेऊन हलवली. आत दाणे सळसळले.

"तिसऱ्याला ही का नाही घातलीस?"

"ती तुमच्या मातीची आहे, डॅडी. आणि करार बदलीचा होता."

त्याने दारूदानी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "कातडं ट्रकात काय ठेवलंय? मीठ लाव त्याला आज. तॅबिथाच्या सामानाच्या पिशवीचा पट्टा कुजलाय."

डेल्फियाचा हात पाण्यातच थांबला. "सोमवारी तो माणूस येणार आहे ना?"

"येऊ दे. कॉफी पाज आणि वाटेला लाव."

आता मी त्या गोऱ्ह्याच्या कातड्याच्या पट्ट्याला लटकतो. पट्टा वाकडा कापलाय, कारण तो रूएलने डाव्या हाताने कापलाय, आणि सरळ करू का असं विचारायची कोणाची छाती नाही. माझ्या तळाला ड्रिलच्या टोकाचा एक ठिपका आहे, त्याने मापात काही फरक पडत नाही. डेल्फिया रोज संध्याकाळी बस लावून आली की एक बार काढते. करडी दारू, तांब्याची टोपी. रूएल ओसरीवरून नुसत्या आवाजावरून सांगतो की बरोबर भरलं की नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं माप असेल तर त्याला तोलू नका, पोखरू नका, ज्याने कोरलं त्याला आधी विचारा. आणि दारूदानीतला तो काळा भरणा अजून तसाच आहे. तो मोजायची पाळी येईल तेव्हा मी काठोकाठ मोजीन, एक दाणा कमी पडू देणार नाही. ती पाळी फार उशिरा यावी, एवढंच माझं मागणं.