शालीखाली गेलेला दांडा

नरहरी आजोबा स्टील प्लांटातून रिटायर झाले आणि त्याच महिन्यात त्यांच्या धाकट्या लेकीचं, नूतनचं, दुर्ग शहरात लग्न लागलं, त्या वर्षीचा माझा जन्म. मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. आजोबांनी आपल्या जुन्या सेफ्टी बेल्टची जाड पट्टी कापली, वर लोखंडी दांडा बसवला आणि मला भुऱ्या नावाच्या दांडग्या कुत्र्याच्या पाठीवर चढवलं.

आजोबांची नात प्रांजली. तिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात माझा दांडा. ती थांबली की भुऱ्या खांबासारखा उभा राही. अशी ती मरोदा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये राधाबाईंकडे पेटी शिकायला जाऊ लागली. कोणाच्या कडेवर न बसता. तिला याहून मोठं सुख नव्हतं.

मंडळाला मात्र भुऱ्याचे केस दिसत. हॉलच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या चालत, कुत्रा चालत नसे. अध्यक्ष देवरावजी त्याला पाहून नाकाला रुमाल लावत. मग प्रांजलीचा आणि भुऱ्याचा फोटो पेपरात आला आणि रुमाल खिशात गेला. देवरावजींना एकाएकी कुत्र्यात देव दिसला. सत्कार ठरला.

सत्काराएवढी फुकट वस्तू मी दुसरी पाहिली नाही. भाषणांत सगळे भुऱ्याला 'मुका जीव' म्हणाले, वाटीभर पाणी कोणी दिलं नाही. शेवटी देवरावजींनी कॅमेऱ्याकडे तोंड करून त्याच्या पाठीवर शाल घातली. मी शालीखाली गेलो. स्टेज उतरताना प्रांजलीनं सवयीनं हात टाकला. हातात निसरडं कापड आलं. ती तोंडावर पडली, ओठ फुटला.

भुऱ्या जागचा हलला नव्हता. तरी देवरावजी म्हणाले, "मी तं आधीपासून सांगून राहिलो नरहरीजी, कुत्र्याच्या भरोशावर पोरगी सोडू नका. उद्यापासून हे जनावर हॉलमधी नाही पाहिजे."

आजोबांची मान खाली गेली. प्रांजलीनं रक्त बाहीला पुसलं.

"भुऱ्यानं नाही पाडलं मले, काका. तुमच्या शालीनं पाडलं. त्याले आत मनाई असन, तं मी बी बाहेरच बसन."

प्रांजलीच्या कलावती आजीनं शालीची घडी घालून देवरावजींच्या हातात दिली. "घेऊन जा जी. पुढच्या सत्काराले लागन."

दुसऱ्या दिवशी प्रांजली खरंच व्हरांड्यात बसली, भुऱ्याला टेकून. राधाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पेटी उचलून बाहेर आणली. मागोमाग बाकीची मुलं आली. त्या दिवसापासून शिकवणी व्हरांड्यातच होते. आत देवरावजी पंख्याखाली बसतात आणि रिकाम्या खुर्च्यांचं अध्यक्षपद सांभाळतात.

मित्रांनो, काम करणाऱ्या कुत्र्याची पूजा करू नका. त्याला बिस्किटं दाखवू नका, त्याच्यासोबत फोटो काढू नका. वाट सोडा, आणि लेकराचा हात जिथे पडतो तिथे आपला मोठेपणा पसरू नका. एवढंही जमत नसेल तर घरीच बसा.

भुऱ्या गेल्या माघात, सोमवारी सकाळी म्हातारपणानं मेला. प्रांजली त्याच्याजवळ होती.