पंपाच्या तालावर

या, जवळ सरका, टोंगा बेटांवरच्या नेयाफू गावच्या पोस्टातली गोड गोष्ट सांगायची आहे.

बाळंतपणानंतर तिथली तालिता पुन्हा कामावर रुजू झाली. मागच्या खोलीत दूध काढायचा पंप लावून बसे, पण दूध उतरेना. आज बाटली रिकामी आली तर बाळाला पावडरचं दूध, असं एके सकाळी सासूनं बजावलं.

भिंतीपलीकडून पोस्टमास्तर फिलिमोने ओरडले, "पोरी, तुझं यंत्र चर्चमधल्या रविवारच्या भजनापेक्षा रेंगाळतंय!"

"मग तुम्हीच ताल धरा की, काका!"

काकांनी खर्जात भजन उचललं. रांगेतल्या बायकांनीही सूर मिळवले. तालिता खुदकन हसली, अंग सैल झालं, अन् धार लागली.

"थांबू नका, काका! अजून दोन कडवी!"

बाटली भरेपर्यंत काकांनी एकही तिकीट विकलं नाही. देवापुढे भजन गाल, तेव्हा त्यांना जरूर आठवा.