पुठ्ठ्याखालचं पान

सलमाचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि नागसेनकाकांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र जेमतेम पाच ओळींचं. ‘काका, हलकीफुलकी प्रेमकथा आहे म्हणून तुम्ही दिलीत. त्यातला नायक बायकोला खोलीत कोंडून ठेवतो. मी दोन वर्षं तशा खोलीत काढली आहेत, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही हे पुस्तक वाचलं होतं का? एवढंच कळवा.’ पत्रासोबत पुस्तक परत आलं. सलमा कोडोलीला माहेरीच राहिली, काकांच्या वाचनालयात पुन्हा फिरकली नाही.

वाचलं नव्हतं म्हणावं, तर मंगळवार पेठेत चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं सुचवणाऱ्याची काय अब्रू राहिली? वाचलं होतं म्हणावं, तर त्याहून वाईट. म्हणून पत्र खणातच पडून होतं.

आज तेच पुस्तक टेबलावर होतं. अक्षतानं त्यासाठी नंबर लावला होता. पाचला कॉलेज सुटलं की ती न्यायला येणार होती. काकांनी दुपारी बाराला पहिल्यांदाच ते उघडलं.

सुरुवातीला बरं होतं. देखणा नायक, मोठा बंगला, रुसवेफुगवे. साडेतीनच्या सुमारास नायकानं खोलीला बाहेरून कडी घातली. आत ती दार बडवत होती आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणत होतं. सलमा इथंच थांबली असेल, की कडी कधी निघते ते बघायला पुढं गेली असेल? त्यांनी पान उलटलं. पुढचं आणखी वाईट होतं.

पुस्तकात याची आधी कुठंच सूचना नाही? ते मागं, अनुक्रमणिकेकडं गेले. पहिलीच ओळ होती, ‘वाचण्यापूर्वी, पान १’. पुस्तक मात्र तिसऱ्या पानापासून सुरू होत होतं.

काकांनी पुठ्ठा चाचपून पाहिला. नव्या पुस्तकाला पुठ्ठा ते स्वतःच चढवत. पहिलं पान खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवायचं, म्हणजे बांधणी टिकते. पहिलं पान कोरंच असतं, बघायचं कशाला?

त्यांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर ओलं फडकं ठेवलं. कागद भिजला तशी खालून उलटी अक्षरं वर आली. सुरीनं कड उचलताना कोपरा फाटला. पण पान निघालं. ‘या कादंबरीत डांबून ठेवणे, मारहाण आणि जबरदस्ती यांची वर्णने आहेत. आपल्या मनाला झेपेल का, हे पाहूनच पुढे जावे.’

“काका, द्या की! कवाधरनं नंबर लावलाय मी.” अक्षता दारातूनच ओरडत आली.

“हे नको नेऊस.”

“का? मी काय बारकी हाय व्हय? एकवीस पुरी झाली की मला.”

पुस्तक कपाटात टाकून कुलूप घालावं, असं काकांच्या मनात आलं. मग त्या कुलपाचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी ओलं पान तिच्यापुढं धरलं. “आधी हे वाच. हे मीच चिकटवून टाकलं होतं. न वाचता एकीला पुस्तक दिलं. फार त्रास झाला तिला.”

अक्षतानं वाचलं. तिचा आवाज उतरला. “तिला सांगितलासा हे?”

काकांनी नाही अशी मान हलवली.

“आवो काका! मला सांगाय येतंय, आन् तिला न्हाय व्हय?” तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. “वाळू दे पान. न्यायचं का न्हाय, ते मी परवा ठरवते.”

ती गेल्यावर काकांनी कागद ओढला. ‘सलमा, मी पुस्तक वाचलं नव्हतं. आत इशारा छापलेला होता, तो माझ्याच हातानं पुठ्ठ्याखाली गेला. आज वाचलं, आज कळलं. चूक माझी आहे, आणि आठ महिने गप्प बसलो तीही.’ खाली ‘पुन्हा येत जा’ असं लिहिलं आणि खोडलं. ते मागायचा आपल्याला हक्क काय?

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं घातलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग बोटं सैल केली. आत हलकासा आवाज झाला.