सायलेन्सरचं काय घेऊन बसलीस!

महोदय,
इंजिन विभागातल्या नोकरीबद्दल आभार. उत्तर चारपर्यंत हवंय. आत्ता तीन वाजून दहा

"वेळ कशाला कळवतेस त्यांना?" मामा माझ्या खांद्यावरून वाचतोय. तीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस. पाना धरायला मला त्यानंच शिकवलं. "'येते' लिही आणि मोकळी हो."

खोडलं.

महोदय,
मी मेकॅनिकलच्या एमटेकला आहे. इंजिनात किती इंधन गेलं, किती काम झालं, हे मोजते. उरलेली उष्णता शेवटच्या रकान्यात: 'वाया'. तिथला आकडा एकदा साठाच्या वर गेला. शंभरातले साठ! मी तीनदा सेन्सर बदलला. आकडा तोच. मनगट मात्र धुराच्या नळीला लागलं. पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. चटका बसल्यावर पटलं.

"सायलेन्सर तापणारच," मामा म्हणाला. "सायलेन्सरचं काय घेऊन बसलीस!"

"लिहू दे रे तिला," आई.

खोडलं. हे मामालाच सांगायला हवं होतं.

"शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम बोलावतायत. भट्ट्यांच्या धुरातली उष्णता विटांच्या टाकीत साठवायची, मग तिची वीज करायची. म्हणाल्या, आमच्याकडे सगळे गणितवाले, नट कोण आवळणार?"

"आणि नोकरी?"

मी 'येते' टाइप केलं आणि लगेच पुसलं.

"हुशार पोरगी. गेली वाया."

आईला आधी हसू फुटलं, मग मला.

"दात काय काढताय?"

"तोच रकाना, मामा! मी त्याच्यावरच काम करणारे."

तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला. "गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय, भाची इंजिनं बनवणार म्हणून."

तीन पन्नास. त्याच्याकडे न बघता टाइप केलं.

महोदय,
आभार. मी येऊ शकत नाही. क्षमस्व.

पाठवलं. मामानं टेबलावर बोटानं विटेएवढा चौकोन काढला.

"त्या विटा," तो म्हणाला, "रोज तापणार, रोज निवणार. तडे नाही जाणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही आणि निघाल्या!"

मॅडम,
मी सोमवारपासून येते. विटांना तडे जाण्याबद्दल एक प्रश्न आहे. प्रश्न माझा नाही, मामाचा आहे. तो विचारतोय की

"विचारतोय नाही," मामानं खुर्ची पुढे सरकवली. "विचारतायत लिही. बाहेरची माणसं आहेत."