वराशी संपर्क तुटला

"वराशी संपर्क तुटला आहे. ताबडतोब तपासा."

मेसेज वाचला आणि शिवणयंत्रावरचा माझा पाय जागच्या जागी थांबला. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं, होणारा जावई दुसऱ्या शहरात, आणि हा निरोप कुठल्याशा अनोळखी नंबरावरून. पडदा सुईखाली तसाच सोडून मी तिच्या खोलीत गेले.

"तुमचं काही बिनसलंय का गं?"

ती कपाटाकडे तोंड करून उभी होती. "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे बिनसलं होतं. त्याने तिला न विचारता घर भाड्याने ठरवून टाकलं होतं आणि परवापासून ही त्याचे फोन घेत नव्हती. "नकोच ते लग्न," ती म्हणाली.

"फोन घे आणि भांड," मी म्हटलं. "हवं तेवढं भांड, पण गप्प बसू नकोस. तो तिकडे काय समजेल?"

तिने फोन उचलला आणि मला खोलीबाहेर काढलं. मग तिने दार लावून घेतलं. मी ह्यांच्या ऑफिसात फोन लावला.

"अहो, मेसेज आलाय. वराशी संपर्क तुटलाय म्हणे."

"आला? वा!"

"वा काय? इकडे लग्न मोडायला निघालंय!"

ह्यांनी जपून विचारलं, "कुठल्या वराशी?"

आमचे हे हॉस्पिटलचे स्विच सांभाळतात. स्विच म्हणजे इमारतीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे. माझ्यापेक्षा त्या डब्यांशी ह्यांचं बोलणं जास्त. मागे एकदा वरच्या मुख्य स्विचकडून येणारी लाइन तुटली, पण आतले दिवे मजेत लुकलुकत होते, म्हणून कुणाला पत्ताच नाही. रिपोर्ट अडकून पडले. सूचना निघाली होती, पण तीही त्याच तुटलेल्या लाइनीने जाणार होती, त्यामुळे आतच राहिली. म्हणून आता ह्यांनी सूचना पाठवायला वेगळं सिमकार्ड बसवलं होतं. स्वतःच्या फोनला कधी चार्जिंग नसतं, तेव्हा नंबर दिला माझा. मला न विचारता, अर्थात. आणि आज वायर उपसून चाचणी घेतली होती.

"मी 'वरशी' लिहिलं होतं गं. वरचा स्विच, म्हणून वर. काना कीबोर्डने घातला."

"त्या कान्यापायी माझा जीव जात होता!"

पण खोलीतून आधी चढा आवाज आला, मग रडणं, आणि मग हसू. तेव्हा मी त्या कान्याला मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी जावई त्या भाड्याच्या घराची किल्ली घेऊन हजर. लेकीपुढे ठेवून म्हणाला, "आधी बघ. नाही आवडलं तर सोडून देऊ." सगळी हकिगत ऐकल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ह्यांनी संधी साधून त्याला धडा दिला. "दिवे लागलेत म्हणजे सगळं बरं आहे असं समजायचं नसतं. मधूनमधून 'आहेस का' विचारायचं. 'आहे' असं उत्तर आलं नाही, की उठून बघायचं."

"किती वेळाने विचारायचं?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"मशीनला दर मिनिटाला. माणसाचं हिला विचार."

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. "मला जन्मात कुणी विचारलं नाही."

लेक हसत हसत ह्यांच्या खांद्यावर रेलली. लग्न छान झालं. मेसेजातला काना काढू नका, अशी जावयाने गळच घातली, तेव्हा तो अजून तिथेच आहे.

आता घर मोठं वाटतं. परवा सकाळी हे बूट घालून, डबा घेऊन दारात थांबले होते. फोन हातात, चार्ज केलेला.

"काय करताय?"

"काही नाही, तपासतोय."

मी वाकून पाहिलं. लेकीला लिहिलं होतं, "आहेस का?" खाली लगेच उत्तर आलं, "आहे. तुम्ही?"

ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तू लिही. माझ्याकडे चष्मा नाही."

चष्मा नाकावरच होता. मी लिहिलं, "आहोत."